घंटा आणि केसपेपर

(मदत-केंद्रांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल रात्री जेवणाच्या पंगतीत माझ्या आजच्या विषयाची बरीच चेष्टा झाली. "हे आपलं काम नव्हे, कॉम्प्युटरवाल्या पोरांचं," असं एक ताई म्हणाल्या, आणि दुसरीने "उद्या त्या वेळात मी झोप काढणार" असं जाहीरच करून टाकलं. त्या दोघीही पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, हे बघून मला जरा धीर आला.

विषय असा आहे : केंद्रात नोंदवलेल्या तक्रारीची खबर कार्यकर्त्यांच्या टेलिग्राम गटात आपोआप कशी पोचवायची. आपोआप म्हणजे कुणी बसून टाईप न करता, एका संगणकाने दुसऱ्याला सांगून. त्यासाठी जी वाट वापरतात तिला वेब एपीआय म्हणतात. मी समाजकार्य शिकलेली बाई, इंजिनिअर नव्हे. हे मी गरजेपोटी शिकले, आणि शिकताना आमच्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. त्यातली एक, एका बाईला फार महागात पडली. तंत्र समजावून सांगणारे तुम्हाला दहा जण भेटतील. मी त्या चुका सांगायला आले आहे. तंत्र त्या ओघात येईलच.

आधी एक जुनी गोष्ट. आमच्या केंद्रातल्या सर्वांत जुन्या कार्यकर्तीला आम्ही आक्का म्हणतो. आक्का सांगतात, १९९०च्या आसपास आमच्या तालुक्यात फोन होते ते डॉक्टरकडे, अडत्याकडे आणि एसटीडी बूथवर. एखाद्या गावात बाईला मारहाण झाली, घराबाहेर काढलं, की निरोप यायचा तो अडत्याच्या दुकानात, नाहीतर एसटीच्या कंडक्टरकडे दिलेल्या चिठ्ठीतून. आणि निरोप काय असायचा? "आक्कांना अमक्या गावाला बोलावलंय. लवकर." बस्स. कोण बाई, कुणाची सून, काय झालं, यातलं एक अक्षर नाही. कारण अडत्या ऐकतो, कंडक्टर वाचतो, आणि दोघांचेही त्या गावात पाहुणे असतात. गोपनीयता हा शब्द आक्कांना कुठल्या कॉलेजात शिकवला नव्हता. मला दोन वर्षं शिकवला, परीक्षेत त्यावर टीप लिहून मी मार्कही मिळवले. आणि हातात स्मार्टफोन आल्यावर तो विसरले ती मीच.

आमचं काम तीन तालुक्यांत चालतं. कार्यकर्त्या चौदा. पगारी चारच, बाकीच्या घर, शेत, शिलाई सांभाळून येणाऱ्या. गावोगावी सख्या आहेत. बाई येऊन बोलली की सखी आपल्या फोनवर गूगल फॉर्म भरते आणि नोंद केंद्राच्या शीटमध्ये येऊन बसते. इथपर्यंत ठीक. पण शीट उघडून बघायचं कुणी? दिवसातून एकदा, संध्याकाळी, ज्या ताई केंद्रात असतील त्यांनी. शनिवारी दुपारी भरलेला फॉर्म सोमवारी वाचला जायचा. मधल्या दोन रात्री त्या बाईने कुठे काढायच्या? जीव धोक्यात असेल तर ११२ आहे, १८१ आहे, हे सख्यांना पाठ आहे. पण प्रत्येक बाईला त्या क्षणी पोलीस नको असतात. पुष्कळदा तिला हवी असते एखादी ओळखीची बाई, उंबऱ्याशी येऊन "काय गं, कशी आहेस?" म्हणणारी. त्यासाठी आम्हाला घंटा हवी होती : फॉर्म भरला की चौदाजणींच्या फोनवर वाजणारी.

व्हॉट्सॲपचा गट सगळ्यांकडे होताच. पण तिथे यंत्राकडून निरोप पाठवायची अधिकृत सोय मुळात व्यवसायांसाठी आहे. नोंदणी करा, मजकुराचा साचा मंजूर करून घ्या, निरोपामागे पैसे मोजा. आणि गटात टाकायचं म्हटलं तर ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यातच नाही. बाजारात "आम्ही करून देतो" म्हणणारी अनधिकृत सॉफ्टवेअरं मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. नंबर बंद होऊ शकतो, शिवाय आपलं सगळं खातं परक्याच्या हातात जातं. सिग्नल हे ॲप गुपित राखायला जास्त चांगलं, पण त्यात यंत्रासाठी अशी अधिकृत खिडकीच नाही. राहिलं टेलिग्राम. तिथे २०१५ पासून बॉटची सोय आहे आणि ती फुकट आहे.

आता ही 'खिडकी' म्हणजे काय ते सांगते. पोस्टात आपण मनिऑर्डरचा फॉर्म भरायचो ना, तसंच समजा. ठरलेल्या रकान्यांत ठरलेली माहिती भरायची, खिडकीतून आत सरकवायची, आतला माणूस काम करतो आणि पावती देतो. आत काय चालतं ते आपल्याला कळायची गरज नाही, पण रकाने अचूक भरावे लागतात. एपीआय ही अशी खिडकी आहे. आपण फोनवर टेलिग्राम उघडतो तो माणसांसाठीचा दरवाजा. ही यंत्रांसाठीची खिडकी.

रकाने चारच. पहिला पत्ता : एपीआय डॉट टेलिग्राम डॉट ऑर्ग. दुसरी किल्ली, म्हणजे टोकन. टेलिग्राममध्येच 'बॉटफादर' नावाचं खातं आहे, त्याला 'न्यूबॉट' अशी आज्ञा दिली की ते नाव विचारतं आणि आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ हातात देतं. ती किल्ली. (फादरच का, मदर का नाही, हा प्रश्न आमच्या बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत आला, हे वेगळं सांगायला नको.) तिसरा रकाना गटाचा क्रमांक. बॉटला गटात सभासद करून घ्यायचं, गटात 'स्टार्ट' ही आज्ञा तिरकी रेघ देऊन टाकायची, आणि त्याच खिडकीवर 'गेटअपडेट्स' म्हणून विचारायचं. जे उत्तर येतं त्यात गटाचा क्रमांक दिसतो. त्याच्या मागे उणे चिन्ह असतं. ते चुकून गळलं की निरोप जात नाही. आमचा एक अख्खा रविवार त्या आडव्या रेघेपायी गेला. चौथा रकाना मजकूर. पत्ता, मग तिरकी रेघ, 'बॉट' हा शब्द आणि त्याला चिकटून किल्ली, पुन्हा तिरकी रेघ आणि 'सेंडमेसेज'. सोबत गटाचा क्रमांक आणि मजकूर. पोचलं की पावती येते : 'ओके', ट्रू.

गूगलच्या शीटला ॲप्स स्क्रिप्ट नावाची वही जोडलेली असते. तिच्यात पंधरा-वीस ओळी लिहिल्या आणि "फॉर्म आला की हे चालव" असं सांगून ठेवलं की काम झालं. आमच्यासाठी हे एका ओळखीच्या मुलाने करून दिलं. चांगला मुलगा. पैसे घेतले नाहीत.

पहिल्या दिवशी गटात आलेला निरोप आम्ही टाळ्या वाजवून वाचला. त्यात होतं बाईचं नाव, वय, गाव, मोबाईल नंबर, नवऱ्याचं नाव आणि चार ओळींत हकिगत. फॉर्ममध्ये जे जे होतं ते सगळं. त्या मुलाने विचारलं होतं, "ताई, यातलं काय काय पाठवू?" मी म्हणाले, "सगळंच पाठव, म्हणजे पुन्हा शीट उघडायला नको." हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

दीड महिना उत्तम चाललं. मग एका दुपारी एका गावातून नोंद आली. पंचविशीतली बाई, नवरा कामासाठी बाहेरगावी, घरात सासऱ्याची वागणूक वाईट. काय ते तुम्हाला समजलं असेल. चार वाजता फॉर्म, चार वाजता घंटा. आमच्या चौदाजणींपैकी एक तेव्हा शेतात होती, फोन घरी चार्जिंगला लावलेला. फोनला कुलूप होतं. पण कुलूपबंद पडद्यावरही सूचनेचा मजकूर दिसतो, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच नव्हतं. तिच्या पुतण्याने सहज वाचलं. आडनाव आणि गाव ओळखीचं निघालं, त्याच्या मित्राचंच घर. संध्याकाळच्या आत बातमी तिथे पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोघी गेल्या, तर दारात सासरा आणि रातोरात बोलावून घेतलेला नवरा उभे. तिचा फोन काढून घेतलेला. ती आतून म्हणाली, "मी काही लिहून दिलेलं नाही. तुम्ही जावा."

चौदाजणींपैकी एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. तरी तिचं गुपित फुटलं.

बैठकीत सगळा राग त्या कार्यकर्तीवर निघाला. फोन घरी कसा ठेवलास, पुतण्याला हात कसा लावू दिलास. ती रडली, काम सोडते म्हणाली. आक्का शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "फोन तिचा खरा. पण अक्षरं कुणी पाठवली?" आपल्याकडे बाईचा फोन एकटीचा नसतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं का? मुलं त्यावर खेळतात, नवरा बघतो, सासू दुसऱ्या मुलाशी बोलते. दुसऱ्या बायांच्या घरातलं हे सगळं आम्ही शिबिरांत फळ्यावर लिहून समजावतो. आमच्या घरांना मात्र त्यातून वगळलं होतं.

ती बाई पाच महिन्यांनी माहेरच्या एका बाईबरोबर केंद्रात आली. खाली बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं : "आता कुठं लिहिणार?" मी तिला तोपर्यंत बदललेला निरोप माझ्या फोनवर दाखवला. तिने तो वाचला. नंतर बराच वेळ बोलली, पण माझ्याशी नाही, आक्कांशी.

बदललेला निरोप असा आहे : "नवी नोंद ४७. पूर्व पट्टा. आजच." एवढंच. नाव नाही, वय नाही, गाव नाही. तीनशे उंबऱ्यांच्या गावाचं नाव आणि 'सासऱ्याबद्दल तक्रार' हे दोन शब्द एकत्र आले की ओळख पटलीच, वेगळं नाव लागत नाही. गटाचं नावही आम्ही बदललं, ते शिलाई वर्गासारखं काहीतरी साधं आहे. ज्या जोडीची पाळी असेल ती केंद्रावर फोन करते आणि तपशील तोंडी घेते. शीट उघडण्याचा अधिकार तिघींनाच आहे. यात दहा मिनिटं जास्त जातात. जाऊ देत.

घंटा वेगळी, केसपेपर वेगळा. घंटेने एवढंच सांगायचं की उठा. का उठायचं ते केसपेपरात, आणि केसपेपर कपाटात. आक्कांचा अडत्याच्या दुकानातला निरोप आणि "पूर्व पट्टा, आजच" यांत फरक काय? काही नाही. तीस-पस्तीस वर्षं आणि एक उपग्रह मध्ये घालून आम्ही पुन्हा तिथेच आलो.

कायद्याचं थोडं सांगते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईचं नाव किंवा तिची ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट छापणं, प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याआधी तो दंड संहितेत २२८-अ म्हणून होता, आणि ते कलम आलं १९८३च्या दुरुस्तीत. ती दुरुस्ती कशामुळे झाली हे इथल्या ज्येष्ठ मैत्रिणींना सांगायला नको. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं, १९७९ साली चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं आणि देशभर बाया रस्त्यावर आल्या. त्या लढ्यातून ओळख झाकणारं कलम आलं. आणि ज्या मुलीमुळे आलं तिला आपण आजही नावानेच ओळखतो. घोषणेत, पुस्तकात, भाषणात. तिला कुणी विचारलं होतं का? मला हा प्रश्न अलीकडे फार पडतो. चळवळीने चांगल्या हेतूने वापरलेलं नावही शेवटी तिचंच असतं.

चौदाजणींच्या बंद गटाला 'प्रसिद्ध करणं' म्हणायचं का, यावर वकील वाद घालतील. घरगुती हिंसेच्या नोंदीला तर हे कलम लागूही नाही. पण कायदा लागत नाही म्हणून नाव पाठवायचं, असं उत्तर आपल्या कुणाचंच नसेल.

काही जणी म्हणतात, गट खाजगी आहे, मग भीती कसली? तर हे नीट ऐका. टेलिग्रामच्या गटातले निरोप दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसतात. ते कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. पूर्ण कुलूपबंद असतं ते तिथलं 'सिक्रेट चॅट', आणि ते फक्त दोघांतच होतं. गटात नाही, बॉटशी नाही. बॉटने टाकलेला निरोप बॉटला पुसता येतो, पण ४८ तासांच्या आत. आणि तोवर कुणी फोटो काढला असेल तर काय पुसणार? निरोप पुढे पाठवता येऊ नये अशी एक खूण मजकुरासोबत जोडता येते. ती जरूर जोडा. पण दुसऱ्या फोनचा कॅमेरा ती खूण मानत नाही.

आता किल्लीकडे येऊ. ही किल्ली म्हणजे सही केलेला कोरा चेक आहे. ज्याच्या हाती ती पडली तो आमच्या बॉटच्या नावाने गटात काहीही लिहू शकतो. "आजची भेट रद्द" असं लिहील. किंवा "पूर्व पट्टा, आजच" असं लिहून आमच्या दोघींना रात्री आडरस्त्याला बोलावून घेईल. शिवाय बॉटला गटातलं जे ऐकू येतं तेही त्याला ऐकता येईल. साधारणपणे बॉटला गटात फक्त आज्ञा आणि त्याला दिलेली उत्तरं दिसतात. पण बॉटला गटाचं व्यवस्थापक केलं की त्याला सगळं बोलणं दिसायला लागतं. आम्ही केलं होतं. का? "असू द्या, उपयोगी पडेल," म्हणून! ते काढून टाकलं. निरोप टाकायला त्याची गरजच नसते.

आमची किल्ली कुठे होती? शीटला जोडलेल्या त्या वहीत, उघडीच लिहिलेली. आणि ज्यांना शीटमध्ये बदल करायचा अधिकार आहे त्या सगळ्यांना ती वही उघडून वाचता येते. तेव्हा असा अधिकार आठ जणांना होता. त्यात वर्षभरापूर्वी लग्न होऊन गेलेली एक मुलगी, आणि हिशेबासाठी आलेले एक गृहस्थ, जे पुन्हा कधी आलेच नाहीत. आणखी एक : किल्ली घातलेला पूर्ण पत्ता ब्राउझरमध्ये टाकूनही निरोप जातो, चाचणीला ते सोपं पडतं. पण तो पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर हे कधीही करू नका. किल्ली फुटल्याचा संशय जरी आला तरी बॉटफादरकडे जाऊन 'रिव्होक' करा. नवी मिळते, जुनी त्या क्षणी निकामी होते. दोन मिनिटांचं काम आहे.

पण ते दोन मिनिटांचं काम कोण करू शकतो? ज्याच्या टेलिग्राम खात्यावरून बॉट जन्माला आला, तो. आमचा बॉट त्या मुलाच्या खात्यावर होता. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि बॉट म्हटलं तर त्याच्याबरोबर गेला. घर कुणाच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर नाव चढवलं का, हे आपण प्रत्येक बाईला विचारतो. स्वतःच्या बॉटचा सातबारा आम्ही बघितला नव्हता! मग केंद्राच्या सिमवर नवं खातं उघडलं, त्यावर नवा बॉट केला. या वेळी स्क्रिप्ट आम्ही तिघींनी लिहिली, त्या मुलाने फोनवरून फक्त चुका सांगितल्या. तिघींपैकी एक दहावी झालेली आहे. रकाने अचूक भरणं तिला आमच्यापेक्षा चांगलं जमतं. रेशन कार्डाचे अर्ज भरून भरून तिचा हात बसलेला आहे.

दुसरी मोठी चूक. एका आठवड्यात चार दिवस घंटा वाजली नाही. आम्ही म्हटलं, बरं आहे, शांतता आहे. पाचव्या दिवशी एका सखीचा फोन आला, "ताई, मी सोमवारी फॉर्म भरला, कुणी आलंच नाही." शीट उघडली, तर तीन नोंदी. त्यातली एक सात महिन्यांची गरोदर मुलगी, जिला घराबाहेर बसवलं होतं. ती शेजारच्या म्हातारीकडे राहिली म्हणून निभावलं. आमच्यामुळे नव्हे.

झालं होतं असं. नव्या सभासदांना जुने निरोप दिसावेत म्हणून कुणीतरी गटाचं एक बटण बदललं. त्यामुळे साधा गट 'सुपरग्रुप' झाला, आणि असं झालं की गटाचा क्रमांक बदलतो. स्क्रिप्ट जुन्याच क्रमांकावर पाठवत राहिली. खिडकी प्रत्येक वेळी सांगत होती की हा गट बदलला आहे, आणि नवा क्रमांकही देत होती. पण ते उत्तर वाचायला आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. बिघाडाची ई-मेल गूगल पाठवतं, पण ज्याने ती स्क्रिप्ट चालू केली त्याला. म्हणजे पुण्याला.

पोस्टाची पावती आपण घडी घालून जपून ठेवतो. इथेही पावती वाचायला हवी. आता आमच्या स्क्रिप्टला 'ओके' मिळालं नाही तर ती केंद्राला आणि दोघींना ई-मेल करते, आणि शीटमध्ये त्या नोंदीपुढे 'पोचलं नाही' असं लाल अक्षरांत लिहिते. शिवाय रोज सकाळी नऊ वाजता गटात एक ओळ पडते : "घंटा चालू आहे." ती कंटाळवाणी आहे, तिच्यावर विनोदही होतात. पण सव्वानऊपर्यंत ती दिसली नाही की कुणीतरी फोन उचलतं. या युक्तीवर मी कुठल्याही अहवालापेक्षा जास्त विश्वास ठेवते.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. मजकूर ठळक-तिरका करायच्या मोहात पडू नका. त्यासाठीच्या खुणांची एक पद्धत अशी आहे की मजकुरात साधा पूर्णविराम किंवा कंस खुणेशिवाय आला तर खिडकी अख्खा निरोपच परत करते. साधा मजकूर पाठवा. एका गटात मिनिटाला वीसपेक्षा जास्त निरोप टाकू नयेत. जास्त झाले की खिडकी सांगते, इतके सेकंद थांबा. तेवढं थांबायचं, धडका मारायच्या नाहीत. एकदा चुकून जुन्या सगळ्या नोंदींवर स्क्रिप्ट चालली आणि रात्री अकरा वाजता चौदा घरांत फोन किणकिणत सुटले. एका कार्यकर्तीच्या नवऱ्याने विचारलं, "हा कसला शिलाई वर्ग?"

आणि आता ज्याला एपीआयकडे उत्तर नाही ते. 'ओके' आलं म्हणजे निरोप पोचला. बाईपर्यंत कुणी पोचलं, असं नाही. घंटा चौदाजणींना ऐकू जाते आणि प्रत्येकीला वाटतं, दुसरी जाईल. पूर्वी आक्कांना एकटीला निरोप यायचा. जायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे एका नोंदीवर सातजणींनी अंगठा दाखवला आणि गेली कुणीच नाही, असंही झालेलं आहे. अंगठा आम्ही बंद केला. ज्या जोडीची पाळी तिने "घेतलं" असं लिहायचं. वीस मिनिटांत ते आलं नाही तर केंद्रावरची बाई दुसऱ्या जोडीला फोन लावते. हाताने, नंबर फिरवून. हेही यंत्राकडून करून घेता येईल, असं तो मुलगा म्हणतो. येईलही. पण मला तो फोन माणसाने करायला हवा आहे, कारण "का गं, जमत नाही का आज?" हे त्यातच विचारता येतं. दोनदा असं निघालं की पाळीवरच्या बाईच्या स्वतःच्याच घरात त्या दिवशी भांडण पेटलं होतं.

एका ताईंनी सकाळी विचारलं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा हे बंदच का करत नाही? प्रश्न योग्य आहे. त्या पंचविशीतल्या बाईनंतर आम्ही तीन आठवडे बंद केलंही होतं. त्या तीन आठवड्यांत पुन्हा शनिवारचे फॉर्म सोमवारी वाचले गेले. मग पुन्हा सुरू केलं, पाच शब्दांच्या निरोपावर. सख्यांनाही सांगून ठेवलं आहे की फॉर्म भरण्याआधी बाईला विचारायचं : हे कुणाकुणाला कळलेलं चालेल? फोन केला तर कोण उचलेल? ती नको म्हणाली तर फॉर्मच भरायचा नाही, कागदावर लिहायचं आणि बाजाराच्या दिवशी केंद्रात आणून द्यायचं. अशा कागदांची फाईल जाड होत चालली आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

चहानंतर आपण चार-चारच्या गटांत बसणार आहोत. प्रत्येक गटाने एक बॉट करायचा आणि सरावाच्या गटात एक निरोप पाठवायचा. खऱ्या बाईची माहिती सरावालाही वापरायची नाही. पण त्याआधी, आत्ता, सगळ्यांनी आपापले फोन बाहेर काढा. सेटिंगमध्ये सूचनांच्या भागात जा. कुलूपबंद पडद्यावर मजकूर दिसावा की नाही, असं तिथे विचारलेलं असेल. तो बंद करा. शेजारणीचा झाला का, तेही बघा. पुढच्या रांगेतल्या ताई, तुमच्यापासून सुरुवात करू.